खिडकीतला नवरदेव

घराचं दार उघडेना. ऑस्ट्रियातल्या त्या डोंगरगावात आठवडाभर बर्फ पडत होता आणि आता तो वरच्या मजल्याच्या खिडकीला टेकला होता. नेमकं आजच मृण्मयीचं लग्न, आणि नवरदेव लुकास टेकडीपलीकडच्या गावात.

"मुहूर्त टळणार," म्हणत साताऱ्याहून आलेली तिची आई पैठणीतच जिन्यावर बसली.

तेवढ्यात वरच्या खिडकीवर टकटक झाली. बाहेर पायांत स्की घातलेला लुकास उभा होता, फेट्यावर बर्फ साचलेला. मागे त्याचा भाऊ लाकडी घसरगाडी घेऊन आला होता.

आईने हसत खिडकीतूनच त्याला ओवाळलं.

"लग्नाच्या हॉलपर्यंत उतारच आहे, आई," लुकास म्हणाला. "मृण्मयीला गाडीवर बसवतो."

आईने पदर कमरेला खोचला आणि ती खिडकीवर चढली.

"तिला मागे बसव," ती म्हणाली. "पुढे मी बसणार."