उतरवलेला सायलेन्सर

"पोरगी गाडीमा बसताच झोपी जास. हाई बरं नई," दगूबाईंनी सुनेला दोनदा सांगितलं होतं. कामिनीने ते मनावर घेतलं नाही. घरी तास तास थोपटूनही न झोपणारी रेवा, माहेरी खांडबाऱ्याला निघालं की दहा मिनिटांत मान टाकायची. त्यात वाईट ते काय? डोकं कामिनीचंही दुखायचं. पण मिरचीच्या दिवसांत नंदुरबारात कुणाचं दुखत नाही? गावाबाहेर पथारींवर लाल मिरची वाळत पडलेली. तिचा खकाणा आत येऊ नये म्हणून सगळेच काचा लावून गाडी चालवत.

आता ईश्वर मिस्त्रीने गाडी जॅकवर चढवली होती. त्याने सायलेन्सरच्या पाइपला पेचकस टोचला. तो आरपार गेला. भोक मागच्या सीटच्या बरोबर खाली होतं, आणि तिथल्या पत्र्याचं रबरी बूच कधीच गळून पडलेलं.

"वहिनी, आर्धा धूर तुम्हीच खाई ऱ्हायनात," तो गाडीखालून म्हणाला. "मिरचीले दोष देऊ नका. हाऊ धूर वास कमी देस, झोप जास्ती."

रेवा कडेवर होती, टक्क जागी, आईच्या मंगळसूत्राशी खेळत. कामिनीने तरी तिच्या नाकापुढे बोट धरून पाहिलं.

कंपनीचा पाइप सुरतेहून यायला आठ दिवस लागणार होते आणि त्यात महिन्याचा किराणा गेला असता. ईश्वरने दुकानातले दोन काढून जमिनीवर ठेवले. एक चकचकीत, रुंद तोंडाचा. दुसरा काळा, त्यावर कुठलं नावही नाही.

तिच्या नवऱ्याने, योगेंद्रने, चकचकीत पाइपावर टिचकी मारली. "हा घेऊ. किंमत सारखीच आहे, आणि आवाज कसला दणकट येतो."

"योगेंद्रभाऊ, गाडीमा बायको-पोर बसाडनी शे का वरात काढनी शे?" ईश्वर म्हणाला.

कामिनीने रेवाला नवऱ्याकडे दिलं. तवा घेताना पाहावं तसं तिने दोन्ही पाइप एकेका हाताने उचलून पाहिले. चकचकीत हलका लागला. काळ्याच्या जोडावरून तिने सावकाश बोट फिरवलं, मग उलटा करून पुन्हा एकदा.

"हा लावा," ती म्हणाली. "पण पॅकिंग नवं, क्लॅम्पही नवे. जुने परत बसवायचे नाहीत. आणि ते बूच."

ईश्वरने योगेंद्रकडे पाहिलं. "वहिनी आयटीआय करेल शेतस का?"

"बी.ए. इतिहास," कामिनी म्हणाली.

पाइप बसला. कामिनी तेवढ्यावर हलेना. मग ईश्वरने गाडी चालू केली आणि पाइपाच्या तोंडावर ओलं फडकं दाबून धरलं. जोड कुठे सुटा असेल तर तिथून फुसफुस ऐकू येणार. कामिनी चाकाजवळ उकिडवी बसून कान देत राहिली. काहीच ऐकू आलं नाही. इंजिन गुदमरलं आणि बंद पडलं.

"बंद पडनं म्हंजे पक्कं बसनं," ईश्वर हात पुसत म्हणाला. तेव्हा कुठे कामिनी उठली.

एवढ्यात रस्त्याच्या कडेला एक जीप येऊन थांबली. थांबेपर्यंत तिच्या आवाजाने दुकानाचा पत्रा हलत होता. जीपवाला सुरुपसिंग उतरला. धडगावकडची माणसं ऊसतोडीला गुजरातेत घेऊन चालला होता. त्याच्या जीपचा सायलेन्सर घाटात गळून पडला होता.

भिंतीशी टाकलेला कामिनीच्या गाडीचा जुना पाइप त्याने पायाने उलटवला. "हा देता का, शेठ?"

"भंगार शे. शंभर दे आन् उचल."

"दादा, त्याला भोक आहे," कामिनी म्हणाली. "धूर आत येईल. आमच्या गाडीत येत होता."

"दिसतंय ना, ताई. पत्र्याचा तुकडा मारू. नवापूरला ओळखीचा आहे, तो बसवून देईल."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत काय, आलोच ना इथवर."

त्याने ईश्वरच्या हातावर नोट ठेवली. कामिनी जीपच्या मागे गेली. ताडपत्री चहूबाजूंनी घट्ट बांधलेली होती. तिने एक कोपरा उचलला. गाठोडी, भांडी, चार बाया, आणि पायांशी एकमेकांवर झोपलेली पोरं.

"धूळ येते, बाई," आतली एक डोकं दाबत म्हणाली.

"येऊ द्या. उघडी राहू द्या ही."

कामिनीने पोरांचे पाय हलवायला सुरुवात केली. पहिल्याने पाय ओढून घेतला. दुसरीने लाथ झाडली. तिसऱ्याने डोळे उघडले. चौथीला दोनदा हलवावं लागलं, पण तिनेही कूस बदलली. पाचवं गाठोड्याच्या पलीकडे होतं. तिचा हात पोचेना.

"थांबा जरा," ती म्हणाली. पण सुरुपसिंगने जीप चालू केली होती, आणि त्या आवाजात तिचं तिलाच ऐकू आलं नाही. हातातला कोपरा सुटला. आतून कुणीतरी तो ओढून पुन्हा बांधला.

योगेंद्र गाडी काढून जीपमागे जाईपर्यंत रेल्वेचं फाटक पडलं होतं. मालगाडी लांबलचक होती.

नवापूरच्या रस्त्याला तुम्ही असाल, तर जीप हिरवी आहे, ताडपत्री निळी. आवाज लांबून येईल. कुठे चहाला थांबली असेल, तर कुणाला विचारत बसू नका, दोरी सोडा. डाव्या अंगाला मोठं गाठोडं आहे, त्याच्या पलीकडे हात घाला. ते पोर हलतं का, तेवढं बघा.