बागेतला उतार

लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण काकूंना बागेतल्या झोपाळ्यावर बसायची सोय नव्हती. जरा खिदळल्या की काका डोळे वटारायचे, "शोभतं का हे?"

पुढे काकांच्या गुडघ्यांनी दगा दिला, चाकांची खुर्ची आली आणि त्यांना फिरवायचं काम काकूंच्या गळ्यात पडलं. एका सकाळी बागेतल्या उतारावर काकूंनी आजूबाजूला पाहिलं, खुर्ची घट्ट धरली आणि काकांसकट धूम ठोकली.

"अगं, थांब, मरेन मी!"

ती बोंब ऐकून काकूंच्या जिवाला गार वाटलं. खाली पोचल्यावर त्या शिव्यांची वाट बघत राहिल्या.

काका धापा टाकत म्हणाले, "चल, पुन्हा एकदा."



म्हणजे यांनाही हे आवडतं! काकूंना जन्मात आला नव्हता एवढा संताप आला.