पायावरची आंघोळ

अंगणाच्या कडेला, उन्हात, विनिता पाटावर पाय लांब करून बसली होती. नडग्यांवर चार महिन्यांच्या रियाला पालथी घालून तिने पहिला तांब्या पाठीवर सोडला, तेवढ्यात पलीकडच्या बाकड्यावरून नवऱ्याचा जुना जोडीदार नीलेश गरजला, "म्हातारा पाचव्या राऊंडात त्या खांबाला आडवा करतोय. लिवून घे!"

"उंची बघ खांबाची," नीलेशच्या हाताखाली शिकणारा ऋतिक म्हणाला. "म्हाताऱ्याचा हात त्याच्या छातीपातूर पोचला तरी खूप."

म्हातारा म्हणजे बॉक्सिंगमधला हेवीवेटचा जगज्जेता आणि खांब म्हणजे त्याच्या पट्ट्यावर डोळा ठेवून असलेला लांबलचक गडी. रविवारी दोघांची लढत होती, तिकडे सातासमुद्रापार. पण इथं गावात, कडावात, डेअरीवर दूध घालायला गेलं तरी दुसरा विषय नव्हता.

"उंची हाय, काळीज नाय," नीलेश म्हणाला. "गेल्या टायमाला त्याच्या मामानंच टॉवेल टाकला का नाय रिंगनात?"

"मामा कोच हाय त्याचा. पोराचा डोळा बंद झाला व्हता, दिसत नव्हतं त्याला, म्हनून टॉवेल टाकून हार मानली नि लढत थांबवली."

"नसंना का! मर्दाच्या कॉर्नरमधून टॉवेल पडतो व्हय? आठ वरसं मी पदूदादाच्या कॉर्नरला उभा राह्यलो. खांद्यावरचा टॉवेल खाली आला नाय. काय रं दादा?"

विनिताचा नवरा पदू बाकड्याच्या टोकाला बशी दोन्ही हातांनी धरून बसला होता. निम्मा चहा पँटीवर सांडला होता. प्रश्न त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. मग तो हसला. "नाय... आला," तो अभिमानाने म्हणाला.

विनिताचा राग हातात उतरला. रिया कण्हली तशी तिने हात हलका केला. लेकीच्या पाठीचा काय गुन्हा?

"वैनी, तुमाला सांगायचं राह्यलं," नीलेश म्हणाला. "रविवारी मैदानात मोठा पडदा लावतोय. म्हाताऱ्याच्या लढतीआधी आपली लढत. पदूदादा आनि ऋतिक, तीन राऊंड. भिसेगावच्या नाक्यावर फ्लेक्सपन लागला."

तांब्या बादलीत तसाच राहिला.

"कुनाला इचारून?"

"दादाला. दादा हो म्हनला."

"त्यांना काय इचारता, भावजी? ते सकाळी मला इचारत होते, आपन पोरीचं नाव काय ठेवलं."

ऋतिकने मान खाली घातली. नीलेश मात्र हसला. "नावं तर माझ्यापन ध्यानात राहत नाय."

"डॉक्टर म्हनाला तेव्हा तुमी शेजारी उभे होता. डोक्याला आता टपलीसुद्धा नको म्हनाला."

"डॉक्टरांचं काय, शिंक आली तरी झोपून राहा म्हनतात. आवो, राज्याचा चॅम्पियन हाय तो! तुमी घरात बसवून गंजवलाय त्याला. ऊठ रं दादा, दाखव ह्या पोराला तुझा लेफ्ट हुक."

पदू उठला. बशी पडून फुटली, त्याचं त्याला काही नव्हतं. सदऱ्याची बटणं लावायला ज्याला बायको लागायची, त्याच्या टाचा उचलल्या गेल्या, हनुवटी खांद्याआड गेली, मुठी वर आल्या. क्षणभर विनितासुद्धा बघतच राहिली. लग्नाच्या आधी फोटोत बघितलेला माणूस अंगणात उभा होता.

ऋतिकने हसत त्याच्या गालावर हलकी टपली मारली. पदूने डोळे मिचकावले. दुसरी टपली बसली, आणि पदूचा डावा हात सुटला. ऋतिकच्या कानाजवळून वारा गेला. ऋतिकचं हसू मावळलं. त्याने बोटं मिटली.

"आता कसं!" नीलेश ओरडला. "मागं सरू नको दादा, आत घूस! मार!"

"अहो!" विनिता ओरडली. "बसा खाली!"

पदूला ऐकू गेलं नाही. तिला उठता येईना. पायावर साबणाने बुळबुळीत झालेलं लेकरू, जरा हलली तर सटकून दगडावर जाईल. एक हात रियाच्या पाठीवर दाबून धरत तिने दुसऱ्याने बादलीवरचा टॉवेल ओढला आणि होता नव्हता तो जोर लावून फेकला.

पिवळ्या बदकांचा तो टॉवेल दोघांच्या मधोमध पडला.

पदूच्या मुठी खाली आल्या. लेकीचं नाव विसरलेल्या हातांना एवढं ठाऊक होतं. तो एक पाऊल मागे सरला आणि धापा टाकत उभा राहिला.

"हा काय येडेपना, वैनी?" नीलेश म्हणाला. "मस्करी चालली व्हती."

"त्या शेवटच्या लढतीत हे पडले, उठले, परत पडले," विनिता म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तेव्हापन मस्करीच होती? खांद्यावरनं एक फडकं खाली टाकायचं होतं, भावजी. तेवढंच."

नीलेशने ऋतिककडे पाहिलं. ऋतिक फुटलेल्या बशीचे तुकडे गोळा करायला वाकला होता.

"फ्लेक्स उतरवा. आजच्या आज."

तिने उरलेल्या पाण्याने रियाचा साबण धुतला, खांद्यावरची ओढणी काढून तिला गुंडाळली आणि छातीशी धरली. लेकरू कुडकुडत रडत होतं. पदूने वाकून टॉवेल उचलला. त्याची माती झटकायला त्याला खूप वेळ लागला. मग तो तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

"कोनी... टाकला?"

"मी."

पदू टॉवेलकडे बघत राहिला. मग एकदा नीलेशकडे, आणि पुन्हा तिच्याकडे. शब्द जुळवायला त्याचे ओठ हलत होते.

"तवा कुठं व्हतीस गं?"