पाचपेडी वेणी

कौटुंबिक न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत शिरताच ओवीनं पाठ वळवून बाबाला वेणी दाखवली. पाचपेडी, टोकाला उलटी गाठ. अशी वेणी फक्त तोच घालायचा, घटस्फोटाआधी, रोज सकाळी.

"आई शिकली वाटतं?"

"नाही. तूच तर घालतोस, शाळेत जायच्या आधी."

"अगं, मी फक्त शनिवारी भेटतो ना, इथेच?"

"आरशात दिसतोस की मला, मागे उभा. आईला नाही दिसत."

तो हसला. तिला जवळ घेतलं, तसा केसांतल्या माक्याच्या तेलाचा वास आला आणि त्याचं हसू विरलं. गेला महिनाभर सकाळी उठल्यावर त्याच्या बोटांना हाच वास येत होता, साबणानंही न जाणारा.

त्याच्या एकट्याच्या घरात तर तेलाची बाटलीसुद्धा नव्हती.