हाउनबाखचा पारखी

"मला एकदम शांत खोली लागेल," लिंत्सहून आलेली नर्स म्हणाली, आणि कायेटान मुकादमाने तिला मोठ्या घणाच्या भिंतीला लागून असलेली खोली दिली.

चेष्टा म्हणून नव्हे, मनापासून दिली. त्या खोलीत कोणी येत-जात नाही, म्हणून ती शांत. नर्सने, नोटबुर्गा तिचं नाव, कान तपासायचं यंत्र टेबलावर ठेवलं, तर ते घणाच्या दर ठोक्याला टुणकन उडायला लागलं.

"अहो, हा आवाज?"

"कसला आवाज?" कायेटानने विचारलं. दाराशी रांगेत उभे असलेले लोहारही कान देऊन ऐकू लागले. कुणालाच काही सापडेना.

हाउनबाखच्या आमच्या कारखान्यात गवत कापायचे लांब दांड्याचे विळे बनतात. ओढ्याच्या पाण्यावर घण चालतो, दिवसभर, आजोबांच्या आजोबांपासून. शेवटी नर्सच्या हट्टापायी तासाभरासाठी पाणी अडवलं. घण थांबला, आणि पाच मिनिटांत बेकरीवाली रेगिना पिठाच्या हातांनीच फाटकात हजर झाली.

"कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही गं बाई, तपासणी आहे."

"मग घण कशाला थांबवला मेल्यांनो? जीव गोळा झाला माझा!"

तिचंही बरोबर होतं. एरवी एखादा लोहार वारला, तरच आमचा घण थांबतो.

रांगेत शेवटचा होता एंगेलबर्ट. तो पारखी. तयार पात्यावर लाकडी हातोडीने टोला द्यायचा, नाद घ्यायचा आणि पातं चांगलं की भंगार हे सांगायचं, हे त्याचं तीस वर्षांचं काम. विमा कचेरीचा नवा नियम असा, की पारख्याला ऐकू आलंच पाहिजे. नसेल येत तर त्याने घरी बसावं. एंगेलबर्ट सत्तावन्न वर्षांचा. घरी बसायच्या नुसत्या कल्पनेनेच त्याच्या कपाळावर घाम आला होता.

तो नर्सच्या बोटांकडे बघून बरोबर वेळेला हात वर करत होता. नोटबुर्गा हुशार, तिने पाठ फिरवली. मग हात काही वर गेला नाही. तिने यंत्राचा आवाज शेवटपर्यंत वाढवला, तरीही नाही.

ती त्याच्याकडे तोंड करून हळूच म्हणाली, "तुम्हाला काहीच ऐकू येत नाही."

ओठ वाचून त्याला ते कळलं.

तिने लगेच तसं लिहून टाकायला हवं होतं. पण तिला राहवेना. ज्याला काही ऐकू येत नाही, तो दिवसाला तीनशे पाती पारखतो कशी? घण पुन्हा सुरू झाल्यावर ती त्याच्या बाकापाशी गेली. कायेटानने दहा पाती आणून दिली. एंगेलबर्ट नेहमीसारखा सगळ्यांकडे पाठ करून वाकला. टोला, थोडी वाट, पातं उजवीकडे. टोला, वाट, उजवीकडे. सातवं पातं त्याने डावीकडे टाकलं.

कायेटानने ते उचलून वाजवलं. "हे तर छान वाजतंय की! काय रे, डुलकी लागली का?"

एंगेलबर्टने ते त्याच्या हातून घेतलं, ऐरणीच्या कडेवर ठेवून जोर दिला. पात्याचे दोन तुकडे झाले. आत केसाएवढी जुनी काळी भेग होती.

पुढचं पातं त्याने उचललं, तेव्हा नोटबुर्गा बाकाला वळसा घालून त्याच्या समोर येऊन उभी राहिली. पात्याचं दांड्याकडचं टोक त्याने दातांत धरलं होतं.

तो पोरासारखा लाजला. पातं खाली ठेवून म्हणाला, "कान गेल्याला सहा वर्षं झाली. नाद दातांतून कवटीत येतो. कानापेक्षा बरा कळतो. कुणाला सांगितलं नाही."

"मलासुद्धा?" कायेटान म्हणाला. "रोज शेजारी बसून डबा खातोस, लेका!" त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

नोटबुर्गाने कागदावर लिहिलं, 'ऐकू येत नाही. पारख बिनचूक.'

"कचेरीवाले हे ऐकतील?" कायेटानने विचारलं.

"नाही ऐकलं तर इथे पाठवा त्यांना. पाती तुमची, दात त्यांचे."

एंगेलबर्टने तो कागद दोनदा वाचला. मग इकडेतिकडे बघून विचारलं, "सिस्टर, एक विचारू? नात दीड वर्षाची आहे. बोलायला लागलीय म्हणतात. पात्याला दात लावता येतात हो. तिला काय लावू?"

नोटबुर्गाने पुढे होऊन आपलं कपाळ त्याच्या कपाळाला टेकवलं आणि घशातल्या घशात एक सूर धरला. एंगेलबर्टने डोळे मिटून घेतले. मग एप्रनसुद्धा न काढता तो भर दुपारी घराकडे निघाला, जवळजवळ धावतच.

कायेटानने त्याला अडवलं नाही. नर्स आपलं यंत्र आवरायला गेल्यावर तो रिकाम्या बाकाशी बसला, कोणी बघत नाही ना याची खात्री केली, आणि एक पातं उचलून दातांत धरलं.