समाधी कुणाच्या रानात?

जमीन मोजायला मी गाडीतून उतरते न उतरते, तोच नीलव्वांनी फोन माझ्या तोंडासमोर धरला. "बघा मॅडम, माझ्या मालकांची समाधी माझ्याच रानात दिसते."

फोनवरच्या नकाशात त्यांच्या पुतण्यानं हद्दीची पिवळी रेघ ओढून दिली होती. शेजारचे शिवलिंगप्पा पहार घेऊन उभे होते. त्यांना आजच कुंपण घालायचं होतं.

मी हद्दीच्या जुन्या दगडांवर यंत्र लावून मोजणी केली आणि त्या रेषेत खुंटी ठोकली. समाधी खुंटीपलीकडे, शिवलिंगप्पांच्या रानात गेली.

"मग फोन खोटं बोलतो का?"

"फुकटच्या नकाशातलं चित्र आठ-दहा फूट सरकलेलं असू शकतं, मावशी. रस्ता शोधायला चालतं, हद्द ठरवायला नाही." माझं माप बरोबर होतं, तरी मला त्यांच्याकडे बघवेना.

नीलव्वा समाधीला टेकून बसल्या. "आधी मला उखडा."

शिवलिंगप्पा पहार उचलून तरातरा त्यांच्याकडे निघाले. मी ओरडले. ते थांबले नाहीत. समाधीला वळसा घालून पलीकडे, आपल्याच रानात आत गेले आणि तिथं त्यांनी पहार हाणली.

"वैनी, त्यांचा खड्डा मीच खणला होता. त्या दिवशी बांध बघायची शुद्ध कुणाला होती?" मग घाम पुसत माझ्याकडे वळले. "तुमची रेघ कागदावर सरळच काढा, मॅडम. कुंपण इथनं वळंल."