दुर्बीण

डॉक्टरांनी कोऱ्या कागदावर दोन पोटं काढली. एकावर आडवी रेघ, दुसऱ्यावर तीन टिंबं.

"गर्भाची पिशवी दोन तऱ्हेनं काढता येते. पोट उघडून काढली तर मोठी जखम, तीन महिने वजन उचलायचं नाही. दुर्बिणीतून काढली तर एवढीच छिद्रं. दीड-दोन महिन्यांत कामाला लागाल."

"दसऱ्यानंतर टोळी निघती," मल्लेश म्हणाला. "तवर उसाची मोळी उचलंल का ही?"

"दुर्बिणीतून केलं, तर उचलतील."

झालं, डॉक्टरांचं आणि मल्लेशचं ठरलं. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. अर्धा कोयता मुकादम नेत नाही. पाळी आली की शिवकन्या फडात पोट धरून बसायची, ते मल्लेशला आता चालणार नव्हतं. ती सव्वीस वर्षांची होती. पदरात एकच मुलगी, तिला अजून एक लेकरू हवं होतं. पण पिशवी काढायची की नाही, हा विषय कुणी काढलाच नाही.

तरी एक शब्द ऐकून तिच्या जिवात जीव आला. शाळेच्या सहलीत, नळदुर्गच्या किल्ल्यावर मास्तरांनी तिच्या डोळ्याला दुर्बीण लावली होती. पार लांबची एसटी दिसली होती, खिडकीतली माणसंसुद्धा. दुर्बीण बघायला असते. म्हणजे डॉक्टर आधी आत बघणार. पिशवी धड दिसली तर काढतील कशाला?

"दुर्बीनच बरी," ती म्हणाली. मल्लेशला बायको शहाणी वाटली. तिनं संमतीच्या कागदावर पूर्ण नावानं सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुवनेश्वरी सिस्टर तिच्या हाताला सलाईनची सुई लावत होती. शिवकन्यानं तिचं मनगट धरलं.

"सिस्टरबाई, डॉक्टरसायबाला सांगा, नीट बघा म्हनावं. चांगली दिसली तर ऱ्हाऊ द्या."

सिस्टरच्या हातातली चिकटपट्टी तशीच राहिली. "अगं बाई..." तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात आतून हाक आली, "पेशंट घ्या!"

"बघत्यात," सिस्टर खाली मान घालून म्हणाली. "नीट बघूनच करत्यात सगळं."

"मग बघून झालं की सांजच्याला घरी जाता यील," असं म्हणून शिवकन्या आपणहून स्ट्रेचरवर आडवी झाली.